सोबत आलेला पेशंट

बिबवेवाडी, पुणे
फेब्रुवारी २००१

ती. वन्संना सुहासिनीचा नमस्कार. थंडीत तुमचे गुडघे फार कुरकुरत नसतील अशी आशा. तुमचे बंधुराज सुखरूप आहेत. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही टेकून बसून, चहा घेत वाचाल.

आमचा आमोद अमेरिकेला जाताना आपला कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेला आणि यांना इंटरनेट शिकवून गेला. बँकेची व्हीआरएस घेतलेला माणूस दिवसभर करणार काय? यांनी रोग वाचायला घेतले. (त्या इंटरनेटपायी फोन सतत एंगेज. तुम्हाला वाटलं असेल, मी गप्पा मारते.) पापणी फडफडली की मेंदूचा विकार, ढेकर आली की जठराचा, आणि नखावर पांढरा ठिपका दिसला की थेट चौकातल्या डॉ. हेमांकडे. त्या बिचाऱ्या तपासून ‘काही नाही, पाणी भरपूर प्या’ म्हणायच्या आणि हे नाराज होऊन परत यायचे.

गेल्या मंगळवारी सकाळी भाजी घेऊन आले ते खुर्चीत बसूनच राहिले. एवढ्या गारठ्यात सदरा घामाने भिजलेला. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, डावा जबडाही ठणकतोय, म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांकडे चला. तर नखाच्या ठिपक्यासाठी धावणारा हा माणूस म्हणतो, “ॲसिडिटी आहे. जिऱ्याचं पाणी दे.” (एवढं सगळं वाचून हे.)

मला लक्षण काही ठीक दिसेना. पण यांच्याशी (म्हणजे तुमच्या घराण्याशी) वाद घालण्यात अर्धा दिवस जातो हे ठाऊक असल्याने मी पदर तोंडाला लावून पलंगावर टेकले. म्हटलं, “मलाच कसंतरी होतंय, छातीत धडधडतंय. एकटीला जाववणार नाही.”

“अंगावर काढायचं नसतं,” हे म्हणाले आणि चपला घालून दारात उभे.

रिक्षात स्वतःचा घाम पुसत मला धीर देत होते. दवाखान्यात माझी लक्षणंही हेच सांगायला लागले. मी म्हटलं, “पेशंट हे आहेत.”

“मी सोबत आलोय,” हे म्हणाले. पण हेमाबाईंनी चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि यांना आडवं केलं. ईसीजी काढला. हार्ट अटॅक. मग ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, अँजिओप्लास्टी. वेळेत आले म्हणून निभावलं. नंतर बाईंनी मलाही फैलावर घेतलं: सर्दी-पडसं दोन दिवस घरी पाहिलं तरी चालतं, पण छातीवर दडपण, घाम, जबडा किंवा हात दुखणं, असं दिसलं की रिक्षासुद्धा शोधायची नाही, थेट ॲम्ब्युलन्स. मी मान डोलावली आणि बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडले. (हे यांना सांगू नका.)

मला आत सोडलं तेव्हा यांनी माझा हात धरला आणि पहिलं वाक्य बोलले, “तुझ्या छातीचं काय म्हणाले गं डॉक्टर?”

तुमची,
सुहासिनी

ता. क. डॉक्टरांनी काही दिवस जिने चढू नका म्हणून सांगितलंय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, तुमचं घर तळमजल्याचं. पण न बोलावता बहिणीकडे जाणार नाही, असा यांचा बाणा. तेव्हा ‘श्रीनिवास, फार आठवण येते, ये’ असं आग्रहाचं पत्र आजच टाका. तारीख मागच्या महिन्याची घाला, म्हणजे मी कळवलं असा संशय येणार नाही.

ता. क. २. पत्र लिहायला जमलं नाही तरी हरकत नाही. ते मी तुमच्या अक्षरात लिहून आत्ताच यांना वाचून दाखवलं. शनिवारी पोचतो आहोत.