आईने नाव सोड म्हटलं तेव्हा

४ ऑक्टोबर
आज पुन्हा! पौर्णिमेच्या शर्यतीच्या सरावात नावेच्या तोंडाशी बसून वल्हेकरणींना ताल देत होते — छातीत एकदम काहीच नाही, मग दणका. हात आपोआप छातीवर गेला. किमलीनने नेमकं पाहिलं. सगळ्यांसमोर — "थावीताई, तुमचंच काळीज अडखळतंय, आम्हाला काय ताल देणार?" मेली!

घरी आईने बाम लावून, वारा काढायला नाण्याने पाठ घासली. लाल पट्टेच पट्टे. "वारा भरलाय अंगात. आणि काळीज कमजोर. नाव सोड आता." ऐंशी वर्षांची आहे, पण बोटांत जोर केवढा!

५ ऑक्टोबर
गावच्या बुद्धविहाराचे आचार्य रिन दारात. "नाव विहाराची आहे, पोरी. कमजोर काळजाची बाई नदीला चालत नाही. डॉक्टरचा शब्द आण, नाहीतर किमलीन बसेल." किमलीन! वीस वर्षं ती जागा माझी आहे. मी काय मेले?

९ ऑक्टोबर
शहरातल्या दवाखान्यात. डॉक्टरीण पोरसवदा. माझी पाठ पाहून हसली — "वारा काढलात ना? माझी आजीही ऐकत नाही." छातीला तारा चिकटवल्या, कमरेला यंत्र. उद्यापर्यंत काढायचं नाही.

१० ऑक्टोबर
काळीज ठणठणीत!! "एखादा ठोका घाई करून आधी घुसतो, पुढचा जरा थांबून येतो, म्हणून जोरात लागतो. भिण्यासारखं काही नाही. वल्हवा खुशाल. चक्कर आली, शुद्ध हरपली, तर मात्र लगेच या." गोळीसुद्धा नको म्हणाली. फक्त पुरेशी झोप — आणि दिवसभराची माझी घट्ट दुधाची, बर्फाची कॉफी बंद. हे ऐकून मात्र खरंच धस्स झालं.

१७ ऑक्टोबर
कॉफीविना डोकं दुखतंय. सगळ्यांवर खेकसतेय. ठोके कमी झालेत, गेले नाहीत.

२ नोव्हेंबर
डॉक्टरणीची चिठ्ठी दिली, तरी सरावाला आचार्य काठावर उभे, हाताची घडी घालून. मधेच छातीत दणका! ये बाबा, म्हटलं, तूही बस नावेत. ताल सोडला नाही. शेवटी आचार्य एवढंच म्हणाले, "बस तिथंच." घरी मी मोठ्याने गात गेले!

पौर्णिमेचा दिवस
जिंकलो! पलीकडच्या गावाला अख्ख्या नावेच्या लांबीने मागे टाकलं. किमलीनच मला खांद्यावर घेऊन नाचली, आणि मी काही नको म्हटलं नाही. अशी छाती फुगली होती की ठोक्यांकडे लक्ष कुणाचं!

दुसऱ्या दिवशी
आईने जवळ बोलावलं. माझा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. ठक, ठक — काहीच नाही — दणका. "तरुणपणापासून असंच आहे. तुझ्या आजीने मला नावेला हात लावू दिला नाही." काठावरून नावा बघण्यात आयुष्य गेलं तिचं. मला रडू आवरेना. ती मात्र विचारत होती, "ती डॉक्टरीण कुठल्या वारी बसते?"