चोरानं विणलेलं चार बोटं लुगडं

खासबाग, बेळगाव
माघ वद्य, शके १८५८

तीर्थस्वरूप आण्णा यांना, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे यमनाप्पाचा, वाकून नमस्कार. (एरवी वाकायचं काम तुमचं. जावयाचा मान मोठा. पण यंदा मीच वाकलेलं बरं, असं वाटलं.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या डोळ्याला आराम पडला का? तंबाखू वाळून आत आला असेल, आणि निपाणीभर सगळे शिंकत असतील. इकडे माझं उत्तम चाललंय. जेवणाची काळजी करू नका. समोरची बायाक्का रोज भाकरी पाठवते. भाकरी चांगली करते, पण भाकरीबरोबर चार शब्द पण वाढते, आणि ते काही गिळत नाहीत.

तुमचा निरोप मोटारवाल्यानं पोचवला. 'चंद्रा आलीया, का आलीया ते सांगत न्हाय, दाजींनाच विचारा म्हणती,' हा निरोप त्या भल्या माणसानं माझ्या कानात सांगायचा, का नाही? त्यानं मोटार भरमूच्या चहाच्या हाटेलापुढं उभी केली, भोंगा वाजवला आणि खिडकीतनं ओरडून सांगितला. गल्लीत मी सांगून ठेवलेलं, की तंबाखूच्या दिवसात आण्णांना हात कमी पडतोय म्हणून आमच्या घरातल्या निपाणीला गेल्यात, आणि हवापालट पण होईल. तेवढ्या एका ओरडण्यानं माझा सगळा हवापालट बाहेर आला. तेव्हा आता खरं काय ते लिहितो. फारसं काही झालेलं नाही, हे आधीच सांगतो.

तुम्ही शेवटचे आलतात तेव्हाची खासबाग आता राहिली नाही, आण्णा. तेव्हा दिवेलागण झाली की गल्लीत मागांचा आवाज तेवढा असायचा. आता कोपऱ्यावर विजेचा खांब आलाय. त्याच्या उजेडात भरमूनं हाटेल थाटलंय, हाटेलात फोनोग्राफ ठेवलाय, आणि तो फोनोग्राफ एकच बाई रोज रडवतो. त्याच्या पलीकडं मोकळ्या रानात बोलपटाचा तंबू आलाय. पिरनवाडीपासनं लोक गाड्या जुंपून, भाकरी बांधून, पोरंबाळं घेऊन येतात. खेळ सुटला की निम्मी गल्ली गाणी म्हणत घरी जाते, आणि ज्यांना गाणं येत नाही ते शिट्ट्या मारतात. मी ह्याला वाईट म्हणत नाही. उजेड कुणाला नको? पण एवढी अनोळखी माणसं दारावरनं जायला लागली म्हटल्यावर बायकांच्या जिवाला घोर लागला. त्यात बायाक्काची तांब्याची बादली गेली. (ती मागनं विहिरीत सापडली. पण तोवर गल्ली घाबरून बसलेली होती, आणि एकदा घाबरलेली गल्ली बादली सापडली म्हणून माघारी येत नाही.)

मग देवळाच्या कट्ट्यावर सगळे जमलो आणि गस्त घालायचं ठरलं. काठ्या निघाल्या, शिट्ट्या आणल्या. गस्तीचा मुकादम कोण, तर मी. माझ्याइतका शहाणा माणूस गल्लीत नाही म्हणून नव्हे. बॅटरी माझ्या एकट्याकडं आहे म्हणून. पण मुकादम झाल्यावर डोकं चालवावं लागतं. मी म्हटलं, बाबांनो, आपण विणकर. आपल्याला डोळ्यापेक्षा कान जास्त. प्रत्येक घरच्या मागाचा ठोका वेगळा. माझा डावा पाय अधू, म्हणून माझा माग दोन ठोके देतो आणि जरा थांबतो. बायाक्काच्या घरचा पळत सुटल्यासारखा वाजतो. शेजारच्या परसूचा बेताचा, पण फणी अशी आदळतो की भिंत हलावी. घरातल्या बाईला झोपेत सुद्धा कळतं की माग कुणाच्या हाती आहे. तेव्हा नियम असा, की कुठला माग मध्येच बंद पडला, किंवा ओळखीचा ठोका बदलला, की बाईनं हाक द्यायची आणि आम्ही धावायचं. सगळ्यांनी माना डोलवल्या. देवाशपथ सांगतो आण्णा, इतका चांगला नियम बेळगावच्या साहेबाला पण सुचला नसता. मी त्या दिवशी घरी आलो तो छाती काढून, आणि तुमच्या बहिणीला तो नियम दोनदा समजावून सांगितला. तिनं नीट ऐकून घेतला, ही तिची चूक नव्हे.

आता मुकादम म्हटल्यावर तंबू कसा आहे, आत कोण बसतं, बाहेर पडायची वाट कशी आहे, हे पाहायला नको का? म्हणून मी एकदा जाऊन आलो. आत एक राजा होता, त्याला एक दुष्ट दिवाण होता, आणि राणी गाणं म्हणत रानात हिंडत होती. बंदोबस्ताच्या दृष्टीनं मला काही नीट कळलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो ते दिवाणाचं शेवटी काय होतं तेवढंच बघायला, कारण दुसऱ्या वेळी तिथंच फीत तुटली. आता घरी सांगून जावं की नाही? सांगितलं असतं तर 'मी पण येते' म्हणाली असती, आणि मुकादमानं बायको घेऊन बंदोबस्त पाहायचा म्हणजे लोक काय म्हणतील? बरं, न सांगता जावं तर माग बंद. माग बंद पडला की नियमाप्रमाणं हाक, आणि हाकेला धावायला मीच. म्हणून परसूला गाठला. परसूची बायको बाळंतपणाला गेलीय, त्याला रिकामं घर खायला उठतं, आणि बोलपट बघितला की त्याला गरगरतं. तो म्हणाला, मी बसतो तुमच्या मागावर. मी म्हटलं, दोन ठोके दे आणि थांब. आणि कुणाला बोललास तर बघ. त्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. पहिल्या दोन वेळा त्यानं असा वाजवला, की मला स्वतःला वाटलं असतं मी घरीच आहे.

तिसऱ्या वेळी त्याला विणायची गोडी लागली आणि तो थांबायचं विसरला.

माग पुढच्या सोप्यात, आणि तुमची बहीण आत सुताच्या कांड्या भरत बसलेली. तिला ठोका बदललेला कळला, आणि तिनं माझा नियम अक्षरशः पाळला. मधल्या दाराला आतनं कडी घातली, परसदारानं बाहेर पडली, गल्लीकडच्या दाराला बाहेरनं कडी घातली आणि मुसळ घेऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. मग दिली हाक. गस्त आली. (दोघं देवळाकडनं आले, बाकीचे भरमूच्या हाटेलातनं. मुकादम कुठं दिसेना, तेव्हा तो चोराच्या पाठलागावर गेला असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.) आत परसू मन लावून विणतोय. ह्या जगात चोर पुष्कळ झाले असतील, पण लोकाच्या घरात शिरून लुगडं विणत बसलेला चोर गस्तीनं प्रथमच पाहिला. शेवटी काठ्या आपटल्यावर परसूला बाहेरचा गोंधळ ऐकू गेला. 'मी परसू हाय,' तो आतनं म्हणाला. तुमच्या बहिणीनं विचारलं, 'परसू असशील तर आमच्या मागावर कशाला बसलास रं?' आता त्यानं शपथ घेतलेली. म्हणून तो गप्प बसला. आणि आतला चोर गप्प बसलाय म्हटल्यावर गस्त चार पावलं मागं सरली.

मला ह्यातलं काही ठाऊक नाही. तंबूत शिट्ट्या ऐकू आल्या, पण राणी गायला लागली की तंबूत शिट्ट्या असतातच. दिवाणाला नुकतं साखळदंडानं बांधलेलं, आणि तेवढ्यात कुणीतरी पडद्यापुढं येऊन ओरडला, 'यमनाप्पा, तुमच्या घरात चोर शिरलाय!' सगळा तंबू उठला. दिवाण तिकडं एकटाच राहिला आणि पिरनवाडीच्या गाड्यांसकट सगळी जनता माझ्या दारात आली. पुढं मी, हातात बॅटरी. कडी काढली. केसात कापूस, हातात धोटा, असा परसू बाहेर आला आणि मला म्हणाला, 'मी कुणाला काय बोललो न्हाय.'

त्यानंतर जे हसणं झालं, ते इथं लिहीत नाही. मी आत शिरून मागावर बॅटरी मारली. माझ्या विणीला लागून चार बोटं परसूची वीण, घट्ट ठोकलेली, जोड लांबनं दिसतोय. मी विचारलं, 'ताणा तुटला न्हाय न्हवं?' आता तुम्हीच सांगा, विणकर दुसरं काय विचारणार? उभ्या सुताचा ताणा शाबूत होता. मग मी परसूला झापला, की थांब म्हटलेलं तर थांबायचं सोडून फणी कसली आदळतोस? बोलून होईतो लोक पांगले. तुमच्या बहिणीनं मुसळ कोपऱ्यात ठेवलं आणि भांडी आवरली. मी म्हटलं, चला, थोडक्यात निभावलं. सकाळी उठून बघतो तर चुलीवर चहा झाकून ठेवलेला, आणि ती गाठोडं घेऊन निपाणीवरनं जाणाऱ्या कोगनोळीच्या मोटारीत जाऊन बसलेली.

एवढीच गोष्ट. ह्यात घर सोडून जाण्यासारखं काय आहे, ते मला अजून उमगत नाही. बोलपट बघितला म्हणून म्हणावं, तर निम्मी गल्ली बघते. खोटं बोललो म्हणावं, तर मी बोललोच नाही, माग बोलला. बायाक्काला विचारलं, तर 'इतकी वरसं संसार करून एवढं कळंना व्हय तुम्हाला?' म्हणाली आणि त्या दिवशी भाकरी पाठवली नाही. मुकादमकी आता तिच्याकडं गेलीय. शिट्टी गळ्यात घालून हिंडते आणि हाटेल वेळेवर बंद करायला लावते. भरमू येणाऱ्या गिऱ्हाइकाला माझं दार दाखवून 'चोराचं लुगडं तिथं हाय' म्हणून सांगतो. ते चार बोटं लुगडं तसंच मागावर आहे. पुढं विणायचं तर कांड्या पाहिजेत, आणि मी भरलेली कांडी धोट्यात घातली की सूत गुंतून त्याचं घरटं होतं. तेव्हा माझा माग सध्या बंद आहे, आणि नियमाप्रमाणं रोज कुणी ना कुणी येऊन विचारतं, माग का बंद?

तरी माझी काळजी करू नये. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो ह्या प्रकरणानं आटू देऊ नये.

तुमचा दाजी
यमनाप्पा

ता. क. तंबाखूचं काम उरकलं असेल तर माणूस उगाच अडकवून ठेवू नये. घाई नाही. पण मोटार रोज आहे.

ता. क. तंबूत नवा खेळ लागलाय. बायकांसाठी कनातीआड वेगळी जागा आहे, चांगली सतरंजी घातलेली. मी सहज चौकशी केली. मी काही जात नाही. मी जात नाही, हे बोलता बोलता तिच्या कानावर घालावं.

ता. क. पत्र घडी घालून टपालात टाकायला निघालेलो. बायाक्कानं दारात अडवलं. म्हणाली, त्या दिवशी हाक ऐकून पहिली मी आलते कंदील घेऊन. तुमच्या घरातलीनं मुसळ दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. मी तिला म्हटलं, भिऊ नकोस, एकटाच हाय चोर. तर ती म्हणाली, 'चोराचं भ्या न्हाय गं. माग दुसऱ्याच्या हातानं वाजतोय, मग ह्यांचं काय केलं त्यानं?' बायाक्का म्हणाली, ती तुमच्यासाठी उभी होती त्या दारात. आणि तुम्ही आलासा ते ताण्याची चौकशी करत.

आण्णा, मी दारातच बसलो.

पत्र टपालात टाकलेलं नाही. ते घेऊन मीच आलोय. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तुमच्या सोप्यात, खांबाला टेकून बसलो असेन, मान खाली घालून. तोंडानं सांगायला गेलो तर पुन्हा तिसरंच काहीतरी बोलेन, म्हणून कागद तुमच्या हातात दिलाय. माझ्याकडं बघू नका. आत जा आणि तिला एवढंच सांगा, की मी धड आहे. मला काही झालं नव्हतं. हे मी त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. आणि तिला बाहेर बोलवा. मी हाक मारली तर यायची नाही.