टॅमझिनचं ‘तू’

२ ऑक्टोबर १६५५, ब्रिस्टल

टॅमझिन त्याला ‘तू’ म्हणाली. हातमोजे शिवणाऱ्या जॉब रेंडलला. मी दाराआड उभा होतो. ‘तू आत ये, गारठला आहेस.’ — आणि मला, लग्नाच्या नवऱ्याला, इतकी वर्षं ‘तुम्ही’!

३ ऑक्टोबर

डोळ्याला डोळा नाही.

आजी आजोबांना बेधडक तू म्हणायची. हल्ली घरात चार खुर्च्या आल्या की तू जातं, तुम्ही येतं. लंडनला म्हणे कुत्र्यालाही तुम्ही म्हणतात. तू उरलं ते देवाला, पोरांना, नोकरांना. आणि प्रियकराला.

मीही त्यातलाच. दुसऱ्याच्या साबणाच्या कढईत चरबी ढवळायचो तेव्हा सगळं गाव ‘ए, तू’ करायचं. स्वतःचा साबण निघाला तेव्हा कुठे तुम्ही मिळालं. लग्न होताच टॅमझिनला बजावलं — चारचौघांत तुम्ही म्हणायचं. बाईने ते अंथरुणातही पाळलं.

७ ऑक्टोबर

नको असताना जॉबकडून हातमोजे घेतले. बोटं नाजूक आहेत मेल्याची. ‘तुझा पंजा रुंद आहे, मित्रा,’ म्हणाला. मलाही तू! डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नाही.

८ ऑक्टोबर

जेवताना विषय काढला.

‘जॉब बरा दिसतो.’

‘मनाने बरा आहे.’

‘त्याला तू, आणि मला तुम्ही?’

ती पाव कुस्करत राहिली. ‘तुम्हीच सांगितलं होतंत.’

१२ ऑक्टोबर

टॅमझिनला पकडून नेलं. जॉबच्या घरी वीसेक माणसं मुकाट प्रार्थनेला बसली होती. उत्तरेकडून आलेला तो नवा पंथ — कुणापुढे टोपी काढायची नाही, लहानथोर सगळ्यांना तू. न्यायाधीशाने नाव विचारलं तर म्हणाली, ‘तुझ्यापुढे लिहिलंय, तूच वाच.’ झाली कोठडी.

प्रियकर नाही, म्हणून हुश्श केलं. मग पुन्हा जळलो. न्यायाधीशाला तू, शिपायाला तू, कोठडीतल्या उंदरालाही तू. तेवढा मीच उरलो.

१३ ऑक्टोबर

उद्या माझी साक्ष. वकील म्हणतो, ‘टोपी काढा, वाकून तुम्ही-तुम्ही करा, बायको वेडी आहे म्हणा. संध्याकाळी घरी आणाल तिला.’

सोपं आहे. जन्मभर असाच तर साबण विकला.

१४ ऑक्टोबर, तुरुंग

न्यायाधीश म्हणाला, ‘मास्टर हार्कोम, तुमची बायको वेडी आहे ना?’

टोपी डोक्यावरच होती. म्हणालो, ‘तू तिलाच विचार.’

आत्ता भिंतीपलीकडून तिची हाक आली — ‘तू जेवलास का?’