हात कानाशी होता, पण फोन नव्हता

प्रिय चिऊ,

तू फोनवर विचारतेस तेव्हा मला धड उत्तर सुचत नाही. तुझा आवाज चढला की माझी जीभ अडखळते, आणि मग आपण दोघंही 'बरं, ठेवते', 'बरं, ठेव' म्हणून मोकळे होतो. म्हणून आज लिहितोय. जेवतोय का म्हणतेस, तर जेवतो. दूध उतू जातं, नळ वाहत राहतो, पण चाललंय. आईचं ऑक्सिजनचं मशीन मागच्या आठवड्यात नेलं. त्याची ती सततची घरघर ऐकून मी किती वैतागायचो! आता बैठकीत टीव्ही लावून ठेवतो आणि स्वतः आत जाऊन बसतो. घरात काहीतरी वाजत असलं पाहिजे.

खिडकीखालचा रस्ता अजून उघडाच आहे. सांडपाण्याचे पाइप कडेला पडलेत, खड्ड्यात पाणी साचलंय, काम बंद. तू मागे येऊन गेलीस त्यानंतर खोदाई सुरू झाली. मला धुळीची धास्ती होती, पण तुझी आई खूश. किती महिने तिला नुसतं छत दिसत होतं. मशीनची नळी जेमतेम पुरायची, तरी खुर्ची खिडकीशी ओढून ती जेसीबी बघत बसायची. चालवणारा दाढीवाला, चाळिशीतला, बुजरा माणूस. जेसीबीची सोंड बघून आईने त्याला 'हत्तीवाला' नाव ठेवलं. पहिल्या दिवशी तो प्यायला पाणी मागायला आला तेव्हा तिने दम खात खात विचारलं, "काय रे, तुझा हत्ती मातीच खातो की आमचं घरही खाणार?" तो इतका लाजला की भांडं तसंच हातात घेऊन जिना उतरला. ते परत द्यायला आला तेव्हा मात्र हसत होता. मग रोजचंच झालं. तिला हसवणारं माणूस, चिऊ, तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तर औषधांच्या वेळांपलीकडे तिच्याशी काही बोलतच नव्हतो.

त्या दिवशी दुपारी मी खुर्चीत तिच्या पाठीमागची उशी सारखी करत होतो. खालून धाडकन आवाज आला, निळा लोळ उठला आणि घरातलं सगळं एकदम गप्प झालं. मशीनने लांब शिट्टी दिली. लाइट गेल्याची शिट्टी. मी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला. छोटाच तो, दवाखान्यात जाण्यायेण्यापुरता. आधी वाटलं, येईल लाइट. खाली सगळे आरडाओरडा करत होते, जेसीबीने विजेची केबल तोडली म्हणून. नकाशात केबल रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला दाखवलेली, आणि निघाली आमच्या दाराशी. जोडायला संध्याकाळ होणार म्हणाले. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती आली, पण कोपऱ्यावरच थांबली. पुढे रस्ताच नव्हता.

मी गॅलरीतून ओरडलो तर पहिला वर धावला तो हत्तीवाला. आईला खुर्चीसकट उचललं, मी सिलिंडर धरून मागे. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या होत्या, त्या हलत होत्या. तो पुटपुटत होता, "मावशी, डोळे मिटू नका, मावशी, बघा माझ्याकडे." ती बघत होती. ॲम्ब्युलन्सचं दार लावेपर्यंत बघत होती. दवाखाना आला तेव्हा मात्र बघत नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे. तू आलीस, तुझा संताप झाला, तू तक्रार केलीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही केली असती. हत्तीवाल्याला पोलिसांनी धरून नेलं. नकाशा काढणारा कोण, ते अजून कुणालाच माहीत नाही. ठेकेदार म्हणतो, मला दिला तसा मी दाखवला. हत्तीवाल्याची बायको एकदा आपल्या दारात आली होती. काही मागितलं नाही. उंबऱ्याशी उभी राहिली, मी 'बसा' म्हणालो तर रडायला लागली आणि गेली. मला त्याचा राग यायला हवा होता. खूप प्रयत्न केला. राग आला असता तर दिवसभर करायला काहीतरी असतं.

परवा तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं. समोरच्या काकूंनी पाहिलंय, तो फोनवर बोलत होता. हात कानाशी होता." उद्या सकाळी मला जबाबाला बोलावलंय. हात कानाशी होता, हे खरं आहे. त्याची नजर खड्ड्यात नव्हती, हेही खरं. खाली केबल आहे हे कळावं म्हणून तिच्यावर रचलेल्या विटा बकेटमध्ये वर आल्या होत्या. खाली बघत असता तर तो थांबला असता. पण हातात फोन नव्हता, चिऊ. तुझी आई खिडकीतून रुमाल हलवत होती. रोज हलवायची तसाच. आणि तो वर बघून तिला सलाम करत होता. मी तिच्या मागेच उभा होतो. तिला हसताना पाहत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते तिच्यावर येतं, आणि तिच्यावर मला काहीच येऊ द्यायचं नव्हतं. पण उद्या मी 'नाही' म्हणणार आहे, आणि त्याने वर का पाहिलं तेही सांगणार आहे. तुला ते तिथल्या कागदावर वाचायला लागू नये, म्हणून हे पत्र. तू माझ्याशी बोलणं टाकशील. टाक. मला दुसरं काही करता येत नाही.

तुझाच,
बाबा