कोणता रेकॉर्डर घ्यावा, आणि त्या शुक्रवारी फाटक का उघडलं नाही

कापूरहोळ,
१८ फेब्रुवारी २००७

आदरणीय शमीम फुफींना हीनाचा सलाम.

तुमचे गुडघे आणि फुफाजींची साखर, दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालते. इकडे अम्मी बरी आहे. अब्बा बरे आहेत, असं अब्बा म्हणतात. तुमच्या हुमाच्या निकाहची पत्रिका टपालानं मिळाली. (सारोळ्याहून कापूरहोळला सख्ख्या भावाला पत्रिका टपालानं येते, हे पोस्टमनलाही नवीन होतं. त्यानं दोनदा पत्ता वाचला.) परवा फुफाजींनी माझ्या ऑफिसात फोन करून विचारलं, की घराला कॅमेरे बसवायचे आहेत, तर रेकॉर्डर कोणता घ्यावा. फोन त्यांनी घरच्या नंबरावर केला नाही, हे माझ्या लक्षात आलं. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला असल्यामुळे प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला आहे. उत्तर मात्र तुम्हाला लिहिते, कारण तुमच्या घरात काय घ्यायचं ते शेवटी तुम्हीच ठरवता.

रेकॉर्डर कसा निवडू नये, ते आधी सांगते. आमच्या अंगणात दुरुस्तीला उभ्या असलेल्या ट्रकांच्या बॅटऱ्या जाऊ लागल्या, तेव्हा अब्बांनी चार कॅमेरे घ्यायचं ठरवलं. पुण्याच्या दुकानात मी दोन यंत्रं बाजूला काढून ठेवली. हार्डडिस्क सारखी, चित्र सारखं. फरक एवढाच, की एकात घड्याळासाठी वेगळा सेल होता, म्हणजे वीज गेली तरी तारीख टिकते. दुसऱ्यात तो नव्हता. मी सेलवालं सुचवलं. अब्बांनी दोन्ही यंत्रं आळीपाळीनं उचलली, जराशी झुलवून पाहिली आणि दुसरं घेतलं. "हे जड हाय. हलक्या बॅटरीत कवा माल असतोय व्हय?" दुकानदारानं त्यांच्या पारखीचं कौतुक केलं. त्याच्याकडे जड यंत्रं जास्त उरली असावीत.

यंत्र हॉलमधल्या टीव्हीला जोडलं. तेव्हापासून अम्मी आणि शेजारच्या बनाबाई दुपारची मालिका सोडून आमचं फाटक बघतात. फाटकात काही घडेनासं झालं, की अब्बा मागचं रेकॉर्डिंग लावतात. (कोणता ड्रायव्हर न विचारता पाणी पिऊन गेला, यावर तासभर चर्चा होऊ शकते, असं मला आढळलं.) मागचं रेकॉर्डिंग लावलेलं असलं तर कोपऱ्यात तशी खूण येते, पण आमच्या जुन्या टीव्हीच्या कडेत तो कोपरा कापला जातो. तारीख दिसते, पण वीज गेली की इन्व्हर्टर लागेपर्यंत यंत्र क्षणभर बंद पडतं आणि सेल नसल्यानं पुन्हा १ जानेवारी २००० पासून सुरुवात करतं. भारनियमनाच्या कृपेनं आमच्या घरात बहुतेक दुपारी एक जानेवारीच असते.

आता तो शुक्रवार. मी कामावर होते, म्हणून नंतर तिघांनाही वेगवेगळं बसवून विचारलं. जबाब जुळले. जुम्म्यामुळे गॅरेज दुपारनंतर बंद, अब्बा घरात, वीज गेलेली. टीव्ही आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरवर आहेत, फाटकाची बेल नाही. तुम्ही बेल दाबलीत. दाबणाऱ्याला ती आत वाजतेय असंच वाटतं, त्यात तुमची काही चूक नाही. आत अब्बांनी मागचं रेकॉर्डिंग लावलेलं होतं, पण वीज जाताच यंत्र आपोआप थेट चित्रावर आलं होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. टीव्हीवर तुम्ही दिसलात.

"आपा आल्यात," म्हणून अम्मी उठली.

"बस खाली. हे बकरी ईदचं हाय," अब्बा म्हणाले. "तारीख बघ की, एक जानेवारी. आन् बेल वाजली का? न्हाई ना?"

(ईद यंदा एक जानेवारीलाच होती आणि तुम्ही आला होतात. सालाकडे कोणी पाहिलं नाही.)

"तवा बी आक्कांची हीच हिरवी साडी व्हती," बनाबाईंनी साक्ष दिली. (साडी खरंच तीच होती का, एवढं कळवा. केवळ उत्सुकता म्हणून विचारते.)

मग सगळे निवांत बघत बसले. तुम्ही बारीक झाला आहात, असं अम्मीला वाटलं. बनाबाईंना मात्र राहवेना. "किती येळ उबं केलंय वो त्यांला. दार कोण उघडंना?"

"थांबा की जरा," अब्बा म्हणाले. "आता मी येतो बघा उघडायला."

यानंतर तिघंही अब्बांची वाट पाहू लागले. अब्बासुद्धा, खुर्चीत पुढे सरकून. तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत, पुन्हा बेल दाबलीत आणि एसटीच्या थांब्याकडे वळलात.

"आरं, मी गेलो कुठं?" अब्बा म्हणाले.

तेवढ्यात अम्मीला चित्रात निळा टेम्पो दिसला. तो त्याच दिवशी सकाळी दुरुस्तीला आला होता. अब्बा अनवाणी पळाले, पण एसटी सुटली होती. नंतर त्यांनी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा तुम्ही नमाजाला बसला होतात. एकदा सकाळी अकरा वाजता.

तेव्हा फुफाजींना सांगा, घड्याळाचा सेल बघून घ्या, वजन बघू नका आणि आधी बेल इन्व्हर्टरवर जोडा.

तुमची,
हीना

ता. क. टपालानं बोलावल्यावर मामू मांडवात जात नसतो, असं अब्बांचं म्हणणं आहे. पण रोज जेवण झालं की ते फाटकातल्या तुम्हाला लावून बसतात. डिस्क भरली की यंत्र जुन्यावर नवं चढवतं, हे मी सांगितल्यावर म्हणाले, "आपावर दुसरं काय चढू देऊ नगं." त्याला या यंत्रात एकच उपाय होता, तो मी केला. रेकॉर्डिंग बंद केलं. सध्या आमचे चारही कॅमेरे काहीच टिपून ठेवत नाहीत. हे फुफाजींना सांगू नका, ते ढाब्यावर बोलतात.

पुन्हा ता. क. एक पत्रिका हातानं घेऊन या. बेल दाबू नका, फाटकातून अब्बांना नावानं, "मौला" म्हणून हाक मारा. आवाज टिपणारं यंत्र महाग पडत होतं, ते मीच नको म्हटलं होतं. त्यामुळे हाक ऐकू आली तर ती आत्ताचीच, हे अब्बांनाही पटेल.