पंपाचा आवाज

डिचोली, मंगळवार संध्याकाळ

बाबा जाऊन महिना झाला. त्यांचा आवाज कुठे तरी मिळावा म्हणून त्यांच्या ऑनलाइन खात्यातल्या रेकॉर्डिंगच्या फायली एका स्क्रिप्टने, म्हणजे मीच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने, डाउनलोड करतोय. सर्व्हर प्रत्येक फाईलला आपल्याच मनाचं नाव देतो, नुसते आकडे. मग बाबांनी दिलेली नावं गेली कुठे?

आई म्हणाली, "त्येंनी नाव लिवल्याशिवाय साधो डबो पण ठेवलो नाय कधी."

म्हणून फाईल देताना सर्व्हर जे काही पाठवतो, ते सगळं स्क्रीनवर छापून पाहिलं. बाबांनी दिलेलं नाव तिथेच होतं, फाईल सुरू होण्याआधीच्या ओळीत. मीच वाचत नव्हतो! आता स्क्रिप्ट तेच उचलते.

पहिली फाईल आली, "पंप बिघडला". बाबांनी मेकॅनिकला ऐकवायला रेकॉर्ड केलेली. दोन मिनिटं नुसती खडखड. शेवटी बाबा म्हणाले, "आयकलंस मरे? पंप असो वाजता."

मी हो म्हटलं.