गालाचा तुकडा

१९ नोव्हेंबर, मंगळवार
राळेगावच्या दाताच्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारली आन् त्याचं हसनं बंद झालं. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा, मधात लाल. म्हने यवतमाळले जा, तुकडा काढून तपासाले लागते. मी म्हटलं कापसाच्या जिनिंगचा सीझन आहे, वजनकाट्यावर मी एकटा, संक्रांत झाली की जातो. त्यानं चिठ्ठी लिहून देल्ली.
घरी मंदाले सांगतलं. ती पीठ मळत राह्यली. मंग उठून माह्या शर्टाच्या खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी काढली आन् चुलीत टाकली. लग्नाले बावीस वर्षं झाली, माह्या खिशाले तिनं कधी हात लावला नव्हता.
तो रोगाचा शब्द घरात कोनी काढला नाही. मले भेव लागून राह्यलं. इथं तरी खरं लिहितो.

२० नोव्हेंबर, बुधवार
परसू कापूस घेऊन काट्यावर आलता. परसू राठोड, बंजारा तांड्यावरचा, पाचवीपासूनचा मैतर. चिठ्ठी वाचली, घडी केली, सोताच्याच खिशात टाकली. परवा जाऊ म्हने. माह्या सीझनचं काहीच आयकून घेतलं नाही. त्याचाच कापूस झाडाले लोंबून राह्यला, वेचाले बाया भेटत नाहीत. तरी परवा म्हने.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
आज गाढवपना केला. लिवाची लाज वाटते.
दवाखान्यात मोठी लाइन. बाहेर नळापाशी उभे राह्यलो. परसूनं पन्नी काढली, घोटली, अर्धं त्याले अर्धं मले, रोजच्यासारखं. मी हात पुढं केला. दोघांनीही खर्रा तोंडात टाकला! तुकडा काढाले आलो खर्र्यापायी, आन् दारात उभं राहून खर्रा खाऊन राह्यलो. नर्सनं नाव पुकारलं तवा डोक्यात उजेड पडला.
चूळ भरून भरून नळ रिकामा केला, पन डॉक्टर मॅडमले दिसायचं ते दिसलंच. रागावल्या नाहीत. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं. म्हनाल्या, तोंड स्वच्छ करा आन् सगळ्यात शेवटी बसा. परसूनं पन्नी कचऱ्याच्या डब्यात टाकली. दोन मिनटानं परत काढली. मले वाटलं आता हा पुन्हा खाते. तं बारीक फाडून परत टाकली.
दुपारी नंबर लागला. नातेवाईक बाहेर थांबा म्हने. परसू म्हने मी भाऊ आहे, आन् आत शिरला. डोक्याशी मॅडम, हाताशी नर्स. त्याले जागाच नव्हती, म्हून त्यानं माहा पाय धरला, अंगठ्यापाशी, गच्च. इंजेक्शनच्या वक्ताले डोळ्यातून पानी आलं. मंग गाल आपला राह्यलाच नाही. तुकडा ज्वारीच्या दान्याएवढा. टाके दोन.
निंघतानी मॅडम परसूले म्हनाल्या, तुम्हीही खाता ना, तोंड किती उघडतं पाहू, तीन बोटं उभी घाला. माही गेलती. त्याची दोनच गेली, तीही कशीबशी. हसला, म्हने जबडा आखडला. आत पाहू देल्लं नाही.
गाडीत माह्या तोंडात बोळा, बोलता येत नव्हतं. तो राळेगावपर्यंत बैलाच्या गोष्टी सांगत राह्यला.

२५ नोव्हेंबर, सोमवार
खर्रा बंद, दिवस ३. डोकं ठनकते. काट्यावर दोघांशी भांडलो, चूक माहीच होती.
परसूले फोन. तू कवा दाखवतं? म्हने वेचनी झाल्यावर. असा राग आला का फोनच ठेवला. मीही तं तेच म्हनत होतो.

३० नोव्हेंबर, शनिवार
रिपोर्ट आला. आज कॅन्सर नाही. पुढं होऊ शकते, खर्रा सोडा, तीन महिन्यानं या. मी सगळ्या लाइनीसमोर रडलो. परसूनं पाठीवर हात फिरवला. मॅडमनं त्याच्याकडं पाह्यलं, तं हा दाराबाहेर.
संध्याकाळी पेढे वाटले. त्याले देल्ला, तो हातातच धरून बसला.

१ डिसेंबर, रविवार
न राहवून तांड्यावर गेलो. परसू वावरात. वहिनीनं च्या मांडला. मॅडमनं काय म्हटलं, बोटं कशी अडकली, सगळं सांगतलं. वाटलं, आता ही रडते.
"मले ठाऊक हाय, भाऊजी," वहिनी म्हने. "दिवाळीपासून भाकर दुधात भिजवून देऊन राह्यली. तिखट लागलं का हे तोंड धरून बसते. चला म्हटलं, तं म्हने पयले त्याचं होऊ दे. दोघंही एकदम पडलो, तं कोनी कोनाले न्याचं?"
मी च्या तसाच खाली ठेवला. मी काल पेढे वाटले. आन् हा...
थोड्या वेळानं तो आला. मले पाहून समजला. वहिनीवर त्यांच्या बोलीत चिडला, मले अर्धंच कळलं. मी म्हटलं, उद्या जाऊ. वहिनी म्हने कापूस मी वेचते, तुम्ही जा. तो हातपाय धुऊन बाजेवर बसला.
मंग हळूच म्हने, "सुई लय दुखते काय रे?"
"नाही."
"खरं सांग."
"दुखते," मी म्हटलं.
त्याच्या होकाराची वाट न पाहता मी मॅनेजरले फोन करून उद्याची सुट्टी सांगतली.